हाकेला येणारी

माझ्या मामेसासऱ्यांइतका हेकट माणूस शिवाजी पेठेत दुसरा झाला नाही, आणि पेठेतला एकंदर हेकटपणा बघता हे कौतुक लहान नाही. त्यांच्या मते जगात दोनच जाती, हाकेला येणारे आणि न येणारे. पहिल्या जातीत त्यांची म्हैस, थोरली. दुसऱ्या जातीत आम्ही सगळे, जावयासकट. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, तेव्हा बाकीचे गवळी मोटारसायकलवरून पुढं पळत आणि म्हशी त्यांच्या मागं. मामा नुसते चौकात उभे राहून एक लांब हाक मारत. थोरली गर्दी फोडून येई आणि रेकून उत्तर देई. हा त्या दोघांचा शिरस्ता. दूधही ती मामांखेरीज कुणाला देत नसे. दुसरा कुणी धारेला बसला की पान्हा चोरायची.

मग मामा गोठ्यात घसरून पडले आणि त्यांचं कंबरेखालचं अंग गेलं. गोठा घरासमोरच, पण मध्ये उंबरा, उंच पायऱ्या आणि गटार. चाकांची खुर्ची तिथं काय करणार? तेव्हा इंजिनिअरिंगच्या मुलांनी त्यांना चालणारी खुर्ची करून दिली. यंत्राचे चार पाय. गुडघे मोडून खाली बसायची, माणूस बसला की उठून पायऱ्या उतरायची. मामांची हाक ओळखायला तिला शिकवलं ते मात्र गोठ्यातच, आणि तिथंच घोटाळा झाला. प्रत्येक हाकेपाठोपाठ थोरली रेकायची, ते रेकणंही खुर्चीच्या डोक्यात बसलं.

मामांनी तिचं नाव ठेवलं धाकली. गळा नव्हता म्हणून पाठीला घंटा बांधली, शिंगं नव्हती म्हणून हातांना मोरपिसं लावली. रोज संध्याकाळी तिच्यापुढं मूठभर पेंडही ठेवायचे. मी हसलो, तर म्हणाले, "पावणं, चार पाय हाईत की तिला. तुमास्नी दोनच."

मला मात्र ती बघवत नसे. कधी मामा दुपारचे झोपलेले असत, समोर थोरली उगाच रेके, आणि माजघरातून घंटा वाजवत रिकामी खुर्ची येऊन त्यांच्या उशाशी उभी राही. मी भीत होतो, खोटं कशाला बोलू. मामांना त्यात काहीच वावगं वाटत नसे. जनावर जागं आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

पावसाळ्यात घशाचं दुखणं जडलं आणि मामांचा आवाज गेला. ज्या हाकेवर त्यांचा गोठा, त्यांची धार, त्यांचं सगळं जगणं चाललं होतं, तीच गेली. आम्ही सगळ्यांनी ओरडून बघितलं. मी तर मामांची हुबेहूब नक्कल केली. खुर्ची ढिम्म. मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते. तेवढ्यात धारेची वेळ झाली, समोरून थोरली रेकली आणि धाकली उठून कॉटपाशी येऊन बसली. त्या दिवसापासून हाक म्हशीनं मारायची आणि जायचं मामांनी, असा उलटा कारभार सुरू झाला.

दिवाळीच्या तोंडावर मामा गेले. थोरलीनं पान्हा चोरला तो चोरलाच. कास तटतटून दगड झाली, पण ती हात लावू देईना. दूध निघालं नाही तर जनावर हातचं जाईल, असं डॉक्टर सांगून गेले. तिन्हीसांजेला ती रेकली आणि आत घंटा वाजली. आमच्या सगळ्यांच्या देखत धाकली रिकाम्या कॉटपाशी गेली, गुडघे मोडून बसली, बराच वेळ थांबली. मामींनी तिच्या पाठीवर थाप मारली. "न्हाईत गं ते," त्या म्हणाल्या.

मग खुर्ची उठली. कुणी बसल्यावर उठायची तशी, जडपणानं. यंत्र आहे, बिघडलं असेल, असं मी अजूनही सांगतो. पायऱ्या उतरून ती थोरलीच्या कासेशी, मामांच्या जागी जाऊन बसली. थोरलीनं रिकामी बैठक हुंगली, चाटली. मामी चरवी घेऊन शेजारी टेकल्या, आणि पहिली धार वाजली.

मी दारात उभा होतो. मामींनी मान न वळवता सांगितलं, "जावईबापू, दारातनं जरा बाजूला व्हा. त्यास्नी धारंला उजेड लागतुया."

मी मुकाट बाजूला झालो. एका हाकेत ऐकणारा जावई बघायला मामा हवे होते.