कुरणातलं गाव आणि उसातली वस्ती

दोन महिन्यांसाठी म्हणून घर सोडलं होतं. कोल्हारच्या स्टँडवर मनमाडची एसटी उभी होती, मे महिन्याचं ऊन सकाळीच डोळ्यांवर येत होतं, आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, कंडक्टरला बजावत होते, "मनमाडलाच उतरवा बरं का, पोरगी एकटी हाय." कंडक्टर म्हणाला, "अहो, गाडी मनमाडच्या पुढं जातच नाही." तरी आण्णांचं समाधान झालं नाही. आई जरा मागं, सावलीला उभी होती. गाडी सुरू झाली तशी ती खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "रानात एकटी फिरू नको."

मी हसले. आण्णाही हसले. कारण मी रानातच चालले होते. पुण्यात एमएस्सी करत होते, आणि मध्य प्रदेशातल्या एका जंगलात उन्हाळी इंटर्नशिप मिळाली होती. विषय होता वन्यप्राण्यांच्या अधिवासाचं व्यवस्थापन. घरी कुणाला हे धड सांगता आलं नव्हतं. चुलत्यांना वाटलं मी वाघ मोजणार. आईला वाटलं नर्सरीत रोपं लावणार. आण्णा लोकांना सांगायचे, "फॉरेस्टचं काम हाय," आणि विषय मिटवायचे.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, कुणी पुण्यात कंपनीत, कुणी सुरतेला, कुणी पार दुबईला, त्यांना ठाऊक आहे की आपण जाताना घर सोबत नेतो. मीही नेलं होतं. प्रवरेच्या अलीकडची आमची वस्ती, दोन खोल्या आणि पडवी, गोठा, चारी बाजूंनी ऊस, आणि गावापर्यंत गेलेली चिखलाची वाट. वस्तीवरून दुसऱ्या कुणाचं घर दिसत नाही. पुण्याच्या होस्टेलवर मैत्रिणींना मी हे अभिमानानं सांगायचे. आमच्या दारात उभं राहिलं की फक्त हिरवं दिसतं, असं. पुढं जे घडलं त्यातला पहिला धक्का त्या जंगलात बसला. दुसरा घरी, आणि तो अजून ओसरलेला नाही.

जबलपूरला उतरून पुढं जीपनं आत गेले. आमच्या प्रमुख होत्या देशमुख मॅडम, मूळच्या नागपूरच्या, उन्हानं रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक कुरण दाखवलं. साल वृक्षांच्या दाट जंगलात मधेच उघडलेलं, लांबवर पसरलेलं गवत. चितळांचे कळप त्यात असे चरत होते की जणू कुणी मुद्दाम सोडलेत. मॅडम म्हणाल्या, "हे टिकवायचं आपलं काम. गवत मारणारी घाणेरी घुसू द्यायची नाही, पाणवठा कोरडा पडू द्यायचा नाही, गवत कुठलं वाढतंय ते बघायचं. गवत असलं की चितळ, चितळ असलं की वाघ."

मी हरखून गेले. आमच्याकडं गवत म्हणजे काढून टाकायची वस्तू, आणि इथं शिकलेली माणसं ते वाढवत होती. आम्ही तिघी-चौघी इंटर्न हातमोजे घालून घाणेरीची झुडपं मुळासकट उपटायचो. तिचे काटे मोज्यातूनही टोचतात. एका सकाळी मी एक मोठं झुडूप ओढलं आणि मुळांबरोबर दगड वर आला. गोल, मधे भोक असलेला. जात्याची तळी.

मी तो हातात धरून तशीच उभी राहिले. जंगलात जातं कुठून येणार? मॅडमना हाक मारली. त्या आल्या, दगडाकडं पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "हो, गाव होतं ना इथे. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. वाघांसाठी हे गाव उठवून जंगलाबाहेर वसवलं होतं, काही वर्षांपूर्वी. घरं मोडली, नांगर फिरवला, गवताचं बी टाकलं. मी जिथं गवताच्या जाती मोजत होते तिथं कुणाचं तरी अंगण होतं. त्यानंतर मला ते कुरण पूर्वीसारखं दिसेना. जरा उंचवटा दिसला की वाटायचं, हा ओटा असेल. सरळ रांगेत आंब्याची झाडं दिसली की वाटायचं, ही कुणाच्या तरी सासऱ्यानं लावली असतील. ज्या कामाचा मला एवढा अभिमान वाटत होता, ते काम माणसं पुसण्याचं आहे, असं मनानं घेतलं. आपली वस्ती कुणी अशी नांगरली तर, एवढंच डोक्यात.

मग एके दिवशी ती माणसं आली. गावाचा देव अजून तिथंच मोहाच्या झाडाखाली होता आणि वर्षातून एकदा पूजेला यायची त्यांना परवानगी होती. ट्रॅक्टर भरून बाया, पोरं, म्हातारे. वनरक्षकाबरोबर मलाही पाठवलं. म्हातारी माणसं झाडाखाली बसून बोलत होती. नवी जमीन खडकाळ आहे, आम्हाला फसवलं, असं एक आजोबा परत परत सांगत होते. मला वाटलं, आपल्या मनानं घेतलं ते बरोबरच होतं.

आजोबांची सून, सुकवती नावाची, माझ्याहून थोडी मोठी असेल. ती एकटीच उठून गवतात चालू लागली. मी मागं गेले. कंबरेएवढ्या गवतात ती एका जागी थांबली, पायानं माती सारली आणि खापराचा तुकडा उचलला. "माझी चूल इथं होती," ती म्हणाली. तिची हिंदी वेगळी, माझी मोडकी, पण कळत होतं. मला रडू आवरेना.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग चक्क हसली. "तू का रडतेस? मला परत नको यायला इथं." तिनं हात करून एक आंबा दाखवला. पहिल्या बाळंतपणात नाल्याला पूर आला होता. खाटेवर घालून नेताना अर्ध्या वाटेतच बाळ गेलं. त्या आंब्याखाली त्याला पुरलंय. धाकटी दोघं नव्या गावात झाली, दारात गाडी आली होती. "सासरे देवासाठी येतात," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी येते. राहायला नाही."

इतके दिवस कामाची लाज वाटत होती, गवतात उभं राहून मला पहिल्यांदा भीती वाटली, की कुणासाठी रडायचं हेच आपल्याला कळत नाही. एकाच घरातली दोन माणसं, एकच गाव, आणि दोघांचं गाव सोडणं इतकं वेगळं!

या गोष्टीला आठवडा होतो न होतो तोच संदीपदादाचा फोन आला. संदीप माझा थोरला भाऊ. तो कधी फोन करत नाही, आईच्या फोनवर मागून ओरडतो तेवढंच. म्हणाला, "अगं, घाबरू नको. आईवर बिबट्या आलता. जिती हाय." जिती हाय हे शब्द ऐकले आणि मी लगेच पिशवी भरायला घेतली.

मनमाडपर्यंतच्या प्रवासात डब्यात कोण होतं, मी काय खाल्लं, काही आठवत नाही. दवाखान्यात गेले तर आई पलंगावर, डोकं आणि खांदा पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेला, चेहरा सुजून ओळखू न येणारा. सकाळी गायींसाठी घास कापायला ती उसाच्या कडेला वाकून बसली होती. बिबट्या मागून आला. डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळला होता म्हणून मान वाचली. तिनं विळा मागं फिरवला, ओरडली, आणि गोठ्यातून दादा धावला. एवढंच. माझ्या आईचं डोकं त्याच्या तोंडात होतं, हे मी डोळे मिटून स्वतःला सांगून बघायचे, आणि तरी ते खरं वाटायचं नाही.

आईला घरी आणलं त्या संध्याकाळी पडवीत भावकी जमली. वन खात्यानं पिंजरा लावला होता, शेळी बांधली होती. कुणी म्हणे गोळी घाला, कुणी म्हणे एक नेला तर दुसरा येतो. धाकटे चुलते म्हणाले, "वस्ती सोडा आन् गावात चला. आमची खोली मोकळी हाय." आण्णा एकदम उसळले. "बापानं बांधलेलं घर हाय हे. जनावराला भिऊन सोडू व्हय?"

आणि मग सगळे माझ्याकडं वळले. फॉरेस्टचं शिकलेली मीच होते. मी बोलले, आणि चांगलं बोलले. घराभोवतीचा ऊस मागं सरकवा, मोकळा पट्टा ठेवा. गोठ्याला जाळी लावा. उजेड ठेवा. वाकून काम करताना दोघांनी मिळून जा. बिबट्याला इथं राहता येतं तसं आपल्यालाही राहता येतं, फक्त नीट राहावं लागेल. कुरणातले ते आजोबा माझ्या डोळ्यांपुढं होते. मी म्हणाले, घर सोडलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघून आलेय, आण्णांना कुणी आग्रह करू नका. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलते माना हलवायला लागले.

आतून खाटेवरून आवाज आला. "मला कुनी इचारलं का?"

मी आत गेले, आण्णा माझ्या मागं दारात उभे राहिले. आईचा एक डोळा पट्टीखाली होता. दुसऱ्यानं ती थेट माझ्याकडं बघत होती.

"मला जायचंय गावात," ती म्हणाली.

"आई, तू घाबरलीस म्हणून आत्ता..."

"बिबट्या आत्ता आला, बाई. भ्या मला लगीन हून आले त्या दिसापास्नं हाय. हितं शेजारीन न्हाई, दोन शबुद बोलायला मानूस न्हाई. तुझे आण्णा रातच्याला उसाला पानी धरायला गेले का मी दाराला पाठ लावून बसायचे, तुमाला दोघांना पदराखाली घिऊन. तू साळंत गेलीस, मंग कालेजात गेलीस. मी हितंच हुते. तुमाला हे घर वाटतं. मला राखन वाटती. लई वर्सं केली मी."

आण्णा दाराची चौकट धरून उभे होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. मीही पहिल्यांदाच ऐकत होते. सुकवतीच्या तोंडून मी हेच ऐकून आले होते, आणि आईच्या खाटेपासून चार हातांवर बसून मी त्याच्या बरोबर उलट भाषण केलं होतं.

आण्णा पडवीत गेले आणि धाकट्या चुलत्यांना एवढंच म्हणाले, "खोली कवा मोकळी मिळंल?"

पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला. तोच की दुसरा, कुणालाच सांगता आलं नाही. त्याला गाडीतून कुठंतरी नेलं. पाऊस सुरू व्हायच्या आत आमचं घर टेम्पोत बसून कोल्हारात आलं, हायवेच्या कडेच्या दोन खोल्यांत. आईच्या जखमा भरल्या, डोक्यावर एका जागी केस आले नाहीत ते नाहीत. मी परत जाऊन इंटर्नशिप पुरी केली. पुढं मॅडमनी तिथंच प्रकल्पात काम दिलं आणि मी जंगलाच्या कडेला सरकारी क्वार्टरमध्ये राहायला लागले. दोन महिन्यांसाठी निघाले होते, ती तिकडचीच झाले.

आता माझ्या कामात गावं हलवण्याच्या बैठका येतात. पुरुषमंडळी ओट्यावर बसून बोलतात, साहेब मान हलवतात. ते उठले की मी चुलीपाशी जाते आणि बायांना वेगळं विचारते. काही म्हणतात, उद्या न्या. काही मला हाकलून देतात. एका आजीनं तर अंगावर राख फेकली, इथंच मरणार म्हणाली. मी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा वर कळवते. कधी ऐकतात, कधी नाही. पण विचारायचं सोडत नाही.

आण्णा रोज सकाळी मोटारसायकलनं वस्तीवर जातात आणि दिवस मावळायच्या आत परततात. मागच्या दिवाळीत मी त्यांच्याबरोबर गेले. पडवीतल्या धुळीत पंज्यांचे ठसे होते, एका मोठ्याचे आणि बाजूला दोन लहानग्यांचे. आण्णांनी वाकून पाहिले, झाडू उचलला, परत खाली ठेवला. म्हणाले, "बाळंतीन दिसती." आम्ही बाहेरच्या बाहेर मागं फिरलो. त्या जागेवर माझा जीव आहे, अजूनही आहे. पण आता तिथं राहणारं कुणी दुसरं आहे, आणि त्यांचा अधिवास कसा सांभाळायचा हे मला शिकवलेलं आहे.

लोक विचारतात, गाव कुठलं, तर मी कोल्हार सांगते. घर कुठलं, यावर जरा थांबते. हायवेवरच्या खोल्यांत माझ्या लहानपणाची एकही खूण नाही. तिथं मला चमचे कुठं असतात हे विचारावं लागतं. पण आईचा फोन येतो तेव्हा मागं ट्रकचे हॉर्न वाजत असतात, शेजारच्या बाया हसत असतात, आणि आई त्या गोंगाटावर ताण करून बोलत असते. खणखणीत, मोकळ्या गळ्यानं. परवा मधेच मला थांबवून ती ओट्यावरच्या कुणाला तरी ओरडून म्हणाली, "थांबा गं, माझी पोरगी बोलतीय, तवर माझी गोष्ट पुढं नेऊ नका."

एवढा मोठा आवाज माझ्या आईला आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणाले, आधी तुझी गोष्ट पुरी कर, आणि ती परत येईपर्यंत फोन कानाला धरून तिकडचं सगळं ऐकत बसले.