दहातली चार वर्षं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सिल्वासात आरोग्य खात्यात सांख्यिकी सहायक होते. गणिताची पदवी घेऊन रत्नागिरीकडून आले होते आणि पदवीचा उपयोग महिन्याच्या बेरजा मारण्यापलीकडे होत नव्हता. मग आमचे साहेब, मूळचे मुंबईचे डॉक्टर, कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि एक नवं खूळ घेऊन आले. प्रश्न साधा होता. सांधे सुजवणारा ताप ज्या मुलांना येऊन गेलाय त्यांना दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, तर त्यावरचा खर्च सार्थकी लागतो का? हा ताप उतरतो, पण काही मुलांच्या हृदयाची झडप कायमची खराब करून जातो.

साहेबांनी कागदावर चार चौकटी काढल्या. ताप येऊन गेला पण हृदय ठीक, झडप खराब, शस्त्रक्रिया झालेले, मेलेले. दर वर्षी एका चौकटीतले काही जण दुसरीत सरकतात, शेवटच्या चौकटीतून मात्र कुणी परत येत नाही. कुठल्या चौकटीतून कुठल्या चौकटीत किती भाग सरकतो ते तक्त्यात मांडायचं आणि हजार काल्पनिक मुलांना त्या तक्त्याने वर्षामागून वर्ष गुणत जायचं. इंजेक्शन दिलं तर एक तक्ता, नाही दिलं तर दुसरा. शेवटी दोन्हीकडची जगलेली वर्षं आणि दोन्हीकडचा खर्च ताडून बघायचा. कॉलेजात मॅट्रिक्सचे गुणाकार करून बोटं दुखली होती, ते कशासाठी असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. मला हे काम फार आवडलं.

दुसऱ्या चौकटीत मी स्वतः होते. लहानपणी ताप आला होता, आता झडप अरुंद झाली होती. कार्यालयाचा जिना चढताना मी मध्येच थांबून पर्समध्ये काहीतरी शोधल्याचं नाटक करायचे. साहेबांनी ओळखलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे झडप उघडायची शस्त्रक्रिया सांगितली. टेबलावरच दगावण्याचा धोका थोडा होता, पण होता.

नवरा खानदेशातला, मसाटच्या कारखान्यात फिटर. सिल्वासातल्या टोकरखाड्यात तो माझा शेजारी होता आणि आम्ही दोघांच्याही घरच्यांच्या नाकावर टिच्चून लग्न केलं होतं, त्यामुळे ‘अहो’ची सवय मला लागली नाही. शस्त्रक्रियेचं नाव काढताच तो म्हणाला, “चांगलं चालतं-फिरतं माणूस कापाले द्यायचं? हात दाखवून अवलक्षण!” विषय मिटला. मीही जोर लावला नाही, कारण भीती मलाही होती.

पण तक्ता गुणता गुणता मला एक गोष्ट खटकायला लागली. दुसऱ्या चौकटीत काल आलेला आणि पंधरा वर्षं तिथेच बसलेला, दोघांना तक्ता एकच भाग लावायचा. त्याला मागचं काही आठवतच नाही. मी साहेबांना म्हटलं, “सर, हे चूक आहे. मला विचारा.” ते हसले नाहीत. म्हणाले, “मग ती चौकट फोडा. झडप खराब होऊन पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, अशा ओळीने चौकटी करा.” मी आठवडाभर खपून तसं केलं. प्रत्येक चौकटीला वेगळे भाग लागले आणि आकडा बदलला. वेळेवर शस्त्रक्रिया झालेले बरेच जगत होते. थांबलेल्यांना तीच शस्त्रक्रिया तेवढी उपयोगी पडत नव्हती. हे हजार काल्पनिक माणसांचं झालं, माझं एकटीचं नव्हे, हे मला चांगलं कळत होतं. तरी त्या दिवसापासून थांबणं मला सहन होईना.

नुसती वर्षं मोजून भागत नव्हतं, आजारातलं एक वर्ष बऱ्या वर्षाच्या किती पट धरायचं तेही ठरवायचं होतं. त्यासाठी लोकांना विचारायचं : हा आजार घेऊन दहा वर्षं जगाल, की पूर्ण बरं होऊन थोडी कमी? बरं होण्यासाठी दहातली किती वर्षं सोडाल? दोन सोडली, तर आजारातलं वर्ष ०.८ धरायचं. मी आणि एक नर्स आसपासच्या मसाट, गलोंड्याला हा प्रश्न घेऊन फिरलो आणि फजिती झाली. वर्षं सोडायला लोक तयार होते, पण वाऱ्यावर नाही. “माझी पाच माझ्या पोराला लावा.” एका बाईने सगळी दहा बहिणीला देऊन टाकली आणि आम्हाला चहा केला. साहेब वैतागले. “प्रश्न नीट करा. आधी घरी विचारून बघा.”

रविवारी दुपारी आम्ही दोघं बिरड्याचे वाल सोलत बसलो होतो. मी नवऱ्याला प्रश्न विचारला. जिना चढवत नाही, आडवं झालं की गुदमरतं, असं समज. दहातली किती सोडशील?

“एकही नही.”

“एकही नाही?”

“नही. दहाच्या दहा.”

मला संताप आला. आमच्या हिशेबात याचा अर्थ असा, की या आजाराला वजनच नाही. म्हणजे तो झोपल्यावर मी रात्री उशा रचून बसते ती गंमत म्हणूनच. “म्हणजे मला काही होतच नाही!” मी ओरडले.

तो गोंधळला. “तुझ्याबद्दल विचारू राहिली ना? दहा वर्ष तू हायेस. मी कमी कशाले करू?”

म्हणजे त्याने स्वतःचा श्वास धरून उत्तर दिलंच नव्हतं. माझं असणं धरून दिलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण मी गप्प बसले असते तर त्याचंच उत्तर कायम झालं असतं.

“माझं उत्तर विचार,” मी म्हटलं.

“किती?”

“चार.”

त्याच्या हातातला वाल तसाच राहिला. मी दुखणं अंगावर काढत होते, आणि तेही इतक्या सफाईने, की त्याच घरात राहणाऱ्या माणसाला ते किती आहे याचा पत्ता लागला नव्हता. त्यात त्याचा काय दोष!

“चार?” तो म्हणाला. “मग इतके दिवस बोलली काहून नही?”

“असं कुणी विचारलंच नव्हतं.”

तो उठून मोरीत गेला, बराच वेळ तोंड धूत राहिला. दुसऱ्या दिवशी पाळीवरून येताना सुपरवायझरकडे रजेचं बोलूनच आला.

इस्पितळात मला आत नेताना तो स्ट्रेचरला धरून चालत होता. दाराशी वॉर्डबॉयने त्याला थांबवलं. तो वाकून म्हणाला, “चार सांगितले ना तू? चारच हं. पाचवं वर्ष नही द्यायचं.”

मी चौकटींचं गणित करणारी बाई. कोण कुठल्या चौकटीत सरकेल ते आपल्या हातात नसतं, हे त्या वऱ्हांड्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी त्याला हो म्हटलं.