श्रीकांत आणि लिम अंकलची मातीची किटली

डायलिसिस सेंटरमधून फोन आला तेव्हा मी सिंगापूरमधल्या यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच्यासाठी, पथ्याची म्हणून, भाजी उकळून तिचं पाणी काढून टाकत होते. मशीन चालू असताना माझा नवरा, श्रीकांत, खुर्चीतच गेला होता. मी गॅस बंद केला आणि जमिनीवर बसून राहिले... रडूही आलं नाही. फार दमले होते. त्याला आता दीड महिना होईल.

सार्सची साथ आली त्या वर्षी, २००३ मध्ये, त्याच्या किडन्या गेल्या. त्याआधी हा बँकेतला माणूस दिवसभर मोठ्या मगाने चहा पिणारा. मग पाणीही मापाने, आणि ते मोजायचं काम माझ्याकडे. चहा त्याने स्वतःच सोडला. "दोन घोट पिऊन तहान चाळवायची कशाला?" म्हणाला, आणि दुपारभर कॉरिडॉरमध्ये नुसता बसून राहू लागला. तिथूनच शेजारच्या लिम अंकलनी त्याला आपल्या घरी चहाला नेलं.

कळलं तेव्हा मी तावातावाने गेले. टेबलावर मुठीत मावेल एवढी, जांभळट मातीची किटली होती आणि अर्ध्या लिंबाएवढे कप. "स्मॉल कप, लाँग टाइम लाह," अंकल मला समजावत म्हणाले. श्रीकांतने कप नाकाशी धरला होता. "थांब गं, आधी वास तर घेऊ दे."

किटली अंकलच्या वडिलांनी चीनमधून येताना आणलेली. चाकावर न फिरवता, माती थापून हाताने घडवलेली. तिला झिलई नसते, चहा मातीत मुरतो, म्हणून तिच्यात एकाच जातीचा चहा करायचा आणि साबण कधी लावायचा नाही. अंकलच्या मुलाला यात गोडी नव्हती. शिकला तो श्रीकांत. किटली गरम पाण्याने शेकायची, मग फडक्याने हळूहळू पुसत बसायचं... एकदा मला म्हणाला, "आत बोट घालून बघ. घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा दाब लागतो. नाव कुणालाच माहीत नाही, पण माणूस लागतो ना हाताला?"

अंत्यसंस्कारानंतर अंकल किटली घेऊन दारात आले. मी नको म्हटलं. मला आता कशाचीच निगा राखायची नव्हती. ते म्हणाले, "ओके. यू डोन्ट कीप. यू कम, ड्रिंक."

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले. कप रिकामा झाला की अंकल भरत होते. श्रीकांतला दिसू नये म्हणून इतकी वर्षं मी पाणीसुद्धा स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, उभ्याउभ्या प्यायले होते. त्या दुपारी अंकलच्या टेबलाशी त्याच्या खुर्चीसमोर बसले, आणि तहान भागेपर्यंत प्यायले.