पोटातली माती

बिबवेवाडीत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनी हर्डीकर राहायच्या. दारावर पाटी होती: ‘अ‍ॅक्युपंक्चर. सकाळी नऊ ते बारा. वेळेवर यावे. सोबत एकापेक्षा जास्त माणूस आणू नये.’ पाटी वाचून नवा पेशंट जरा बिचकूनच आत जायचा. आत मात्र बाई हळू बोलायच्या आणि समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायच्या नाहीत.

मी त्यांना मंदाताई म्हणायचे. माझा गुडघा त्यांच्याकडे होता, म्हणून ओळख. पुढचं बरंचसं त्यांनीच सुया टोचताटोचता सांगितलेलं.

टेलिफोन खात्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळलेली, धाकट्या भावाचं, दिगंबरचं शिक्षण. या सगळ्यात ती गोष्ट मागे पडली ती पडलीच. तिशीत अर्धशिशी सुरू झाली. डोकं दुखायला लागलं की दोन दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायच्या. तपासण्यांत काही निघालं नाही. मग घरचे म्हणायला लागले, काही नाही, मनाचं आहे. मनाचं आहे म्हणजे खोटं आहे, असाच त्या बोलण्याचा अर्थ असायचा, आणि डोकेदुखीपेक्षा तो त्यांना जास्त लागायचा.

बुधवार पेठेत रेडिओच्या सामानाच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर अनंत चांदोरकर बसत. कोलंबोला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आलेले. त्यांनी मंदाताईंची दोन्ही मनगटं धरली. प्रत्येक मनगटावर तीन बोटं. आधी हलकी, मग दाबून. जीभ पाहिली. झोप कशी लागते, भूक कधी लागते, कशाचा राग येतो, हे विचारलं आणि शेवटी म्हणाले, “चीनचे वैद्य मनाचा आजार आणि शरीराचा आजार असे दोन कप्पे करत नाहीत. तुमचं डोकं खरंच दुखतं आणि तुम्ही खरंच चिडलेल्या आहात. दोन्ही एकच गोष्ट आहे.”

एवढं ऐकून त्यांना तिथेच रडू आलं.

अर्धशिशी सहा महिन्यांत बरीच कमी झाली. मंदाताई मात्र डॉक्टरांकडे जातच राहिल्या, आता शिकायला. दर रविवारी, नऊ वर्षं. राग यकृतात साठतो, दुःख फुप्फुसांत, भीती मूत्रपिंडात. सतत एकाच गोष्टीचा विचार करत राहिलं की प्लीहा आणि पोट दमतं. उलटही होतं, पोट दमलं की डोक्यात तेच ते विचार फिरत राहतात. हृदय नुसतं रक्त ढकलत नाही, जाणीव तिथे राहते. ती अस्वस्थ झाली की माणसाची झोप उडते. या सगळ्यातून एक ऊर्जा वाहते, तिला ‘ची’ म्हणतात. ती अडली की दुखतं. सुई टोचून तिची वाट मोकळी करायची. हे सगळं मंदाताईंना नुसतं पटलं नाही, त्यांनी ते धरून ठेवलं.

आई गेली. दिगंबर बदली घेऊन बडोद्याला गेला आणि तिथलाच झाला. मंदाताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, बिबवेवाडीत दोन खोल्या घेतल्या आणि पाटी लावली. बाराला शेवटचा पेशंट गेला की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत त्या घरात कुणी बोलत नसे.

ब्याण्णव साली दत्तोबा आले. सत्तरीचे, धोतर-टोपी, उंच. सोबत मुलगा बजरंग, बांधकामाच्या धंद्यातला. बजरंगने घाईघाईने सांगितलं की आबांना जेवण जात नाही, पोट जड असतं, दिवसभर बसून असतात. मागच्या वर्षी पोटाचा फोटो काढला होता, त्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्यात. एवढं सांगून तो खाली गाडीत जाऊन बसला.

दत्तोबा खिडकीशी गेले आणि खाली वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “बाई, ही जिथं तुमची जिन्याची खोली हाय ना, तिथं माजी हीर व्हती.”

आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी होती. सहा एकर जमीन. ज्वारी, मेथी, कांदा. सगळी एकदम नाही गेली, तुकड्यातुकड्याने गेली. दत्तोबांची बायको बायडाबाई, शेवटचा तुकडा गेला त्या साली वारली. मुलाने पैशाचं सोनं केलं, दुमजली घर बांधलं, आबांना वर स्वतंत्र खोली दिली. कुणी वाईट वागत नव्हतं. सकाळी उठून जायला मात्र जागाच नव्हती.

मंदाताईंनी नाडी पाहिली. उजव्या मनगटावर मधल्या बोटाखाली ती अगदी मऊ, दबलेली लागली. ती पोटाची आणि प्लीहेची जागा. त्यांनी समजावून सांगितलं की या शास्त्रात पोट म्हणजे माती. पेरलेलं सगळं तिथेच रुजतं. माणूस फार विचार करत राहिला, तर ती माती घट्ट होते आणि तिच्यात काही उगवत नाही.

दत्तोबांनी पोटावरून हात फिरवला. मग म्हणाले, “म्हंजी भाईरची ग्येली ती ग्येली, आतलीबी ग्येली म्हणा की.”

ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागले. गुडघ्याखाली चार बोटांवर सुई, पोटावर शेक. दवण्याच्या जातीच्या वाळक्या पाल्याची कांडी पेटवून मंदाताई तो शेक द्यायच्या. वास जिन्यात आमच्यापर्यंत यायचा. सुया लावून वीस मिनिटं पडून राहायचं असतं. त्या वीस मिनिटांत दत्तोबा बोलायचे. कुठला बैल कसा होता, कुठल्या साली हीर आटली, बायडाबाई भाकरीबरोबर काय द्यायची. वीस मिनिटांचा तास व्हायचा. मंदाताई त्या दोन दिवशी त्यांच्यानंतर कुणाला वेळ देईनाशा झाल्या. कधी नव्हे ते मंगळवारी सकाळी मेथीचं थालीपीठ लावू लागल्या.

दत्तोबांना भूक लागू लागली. दोन महिने सगळं छान चाललं. त्यांनी आपणहून पित्ताच्या गोळ्या बंद केल्या आणि डॉक्टरकडे जाणंही सोडलं. मंदाताईंना त्यांनी तसं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं, गोळ्या चालू ठेवा असं सांगितलं नाही. पुढे मला म्हणाल्या, “तेव्हा बोलायला हवं होतं. मला बरं वाटलं, म्हणून बोलले नाही.”

पाचव्या महिन्यात थालीपीठ ताटात उरू लागलं. दत्तोबा म्हणायचे, आज इच्छा न्हाई. मंदाताईंनी सुयांच्या जागा बदलल्या, शेक वाढवला. पोरांशी बोला, मन मोकळं करा, असं सांगत राहिल्या. मग एका शुक्रवारी ते पलंगावर आडवे झाले, आणि सैल झालेलं धोतर पोटापासून चार बोटं वर उभं राहिलं. मंदाताईंनी नाडी धरली. मऊ लागायची तिथे आता तार ताणल्यासारखी लागत होती. त्यांनी पहिल्यांदाच पोटाचं नीट विचारलं. शौचाला काळं होतं, महिना झाला, दत्तोबांनी सांगितलं. विचारलं नाही म्हणून बोलले नव्हते.

मंदाताईंनी सुई हातात घेतलीच नाही. खाली जाऊन बजरंगला गाठलं आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात नेऊन पोटात नळी घालून तपासायला सांगितलं.

जठराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण बरंच पसरलेलं होतं.

चौथ्या दिवशी मंदाताई भेटायला गेल्या. वॉर्डाबाहेर बजरंग उभा होता. त्याने त्यांना आत या म्हटलं नाही, वाट अडवलीही नाही. फक्त म्हणाला, “तुम्ही म्हणाला होतात, काळजीचं पोट आहे.”

“हो, म्हणाले होते,” मंदाताई म्हणाल्या. “काळजी होतीच. पण मी तिथेच थांबले. चुकले मी.”

बजरंग बाजूला झाला. फोटोत काही निघालं नाही तरी पुढे पुन्हा तपासायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं; त्याने बाहेरच्या बाकावर बसून तोंड फिरवलं. आत दत्तोबा जागे होते. मंदाताईंनी त्यांच्यापुढेही तेच कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं. बोलायला त्रास होत होता, तरी म्हणाले, “आवं बाई, डाक्टरनं पोट बघितलं. तुमी मला बघितलं. दोनी पायजे व्हतं, एवढंच.”

त्यानंतर ते सात महिने जगले. घरी आणल्यावर मंदाताई आठवड्यातून एकदा जायच्या. सुया न्यायच्या नाहीत. वरच्या खोलीत बसायच्या, पेज भरवायच्या. बजरंगची बायको शालू चहा ठेवून खाली जायची.

दत्तोबांच्या तेराव्याचा मंदाताईंना निरोप आला आणि त्या गेल्या. गावकीची शे-दोनशे माणसं होती. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, तुम्ही आबांच्या कोण? डॉक्टर म्हणावं तर त्या डॉक्टर नव्हत्या. शेवटी मंदाताई म्हणाल्या, “तिकडे, त्यांच्या शेतावर राहते मी.” म्हातारीने मान हलवली आणि जरा सरकून जागा दिली.

मंदाताईंनी दवाखाना बंद केला नाही. त्यांनी पाटीवर एक ओळ वाढवली: ‘आधी डॉक्टरांचे ताजे कागद दाखवावे.’ त्या ओळीमुळे अर्धे पेशंट दारातूनच परत जायला लागले. ते जिना उतरताना दिसले की मला वाटायचं, ताईंनी एखाद्याला तरी आत घ्यावं. त्यांनी कुणालाही घेतलं नाही. पुढे पुढे सकाळी दहालाच त्यांची खोली रिकामी होऊ लागली. दार मात्र बारापर्यंत उघडं असायचं, आणि आतल्या खुर्चीवर त्या सरळ बसलेल्या असायच्या.