आबांच्या ठोक्यांमधलं अंतर

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, जुना मधुमेह. ते अंथरुणातून उठताना दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चोवीस तासांचं मशीन लावलं. छातीला वायरी, कमरेला डबी. हृदयाचा प्रत्येक ठोका तिच्यात नोंदला जातो. सोबत एक कागद मिळाला, किती वाजता काय केलं ते लिहायला. असलं काम मला आवडतं. मी लगेच रकाने आखले.

त्याच दिवशी आबांच्या पेठेच्या संघाची फुटबॉल मॅच होती. मी जाऊ दिलं नाही. आलेख बिघडला असता.

"चांगला आलेख आला तर कप देत्यात व्हय?" आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

जिना नको, शेजाऱ्यांशी राजकारणावरून वाद नको. माझ्या कागदावर दिवसभर विश्रांती, जेवण, विश्रांती.

मशीन काढल्यावर डॉक्टरांनी ठोक्यांची छापील पट्टी दाखवली. सगळे ठोके अगदी सारख्या अंतरावर. "किती व्यवस्थित आलंय!" मी म्हणाले.

"तेच नको होतं, ताई."

चांगल्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे पडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. श्वास घेतला, उठलं, चिडलं, हसलं, की दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होतं. आबांचं होत नव्हतं. "पण तुम्ही त्यांना बसवूनच ठेवलंत," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा लावू. रोजचा दिवस हवा. मॅच असेल तर मॅचला जाऊ द्या."

पुढच्या मॅचच्या दिवशी आबांना पुन्हा मशीन लावलं आणि कागद घेऊन मीही गेले. शेवटच्या मिनिटाला आबांच्या संघानं गोल केला. त्याआधी त्यांनी रेफरीच्या डोळ्यांपासून घराण्यापर्यंत सगळ्याचा उद्धार केला होता. गोल झाल्यावर ते ओरडले, रडलेसुद्धा. मी वेळ लिहिली : पाच बावीस. आता ठोक्यांमधलं अंतर हलणार, अशी माझी खात्री होती.

डॉक्टरांनी माझा कागद पट्टीशेजारी ठेवला आणि पाच बावीसवर पेन टेकवलं. अंतर तेच.

"माझं घड्याळ पुढं असेल," मी म्हणाले. त्यांनी मागची-पुढची दहा मिनिटं दाखवली. तेच. इतक्या वर्षांच्या साखरेनं हृदयाकडे जाणाऱ्या नसा निकामी केल्या होत्या. त्या पुन्हा बऱ्या होत नाहीत.

मी वही उघडली. "काय काय करायचं?"

"साखर सांभाळा. उठताना सावकाश."

"अजून?"

"अजून काही नाही, ताई."

पानावर दोनच ओळी. मी वही मिटली.

आबा बाहेर बाकावर होते. "काय म्हणला?"

"सावकाश उठायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग फुडल्या मॅचला कागद आणू नगंस. लिवत बसलीस नुसती. गोल तरी बघिटलास काय?"

नव्हता बघितला. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. आबांनी बाकावर बोट फिरवत पास कुठून आला ते दाखवायला सुरुवात केली. मी त्यांच्या बोटाकडं बघत राहिले.