वॉर्डातली फेरी

“जा. प्रत्येक कॉटसमोर उभा राहा आणि सांग, मला काही कळत नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी हे आवाज न चढवता सांगितलं. सकाळचा राउंड होता. पुरुषांचा सर्जरीचा वॉर्ड. कॉटवर पेशंट, कॉटखाली नातेवाइकांच्या पिशव्या, आणि मध्ये मी. पांढऱ्या शर्टातला नवा ब्रदर.

माझा गुन्हा एवढाच की आदल्या दुपारी मी त्यांना घरी फोन केला होता. एका म्हाताऱ्याची नाडी मला बरी वाटली नव्हती. डॉक्टर जेवणावरून उठून आले. म्हाताऱ्याला काही झालेलं नव्हतं.

मी जागचा हललो नाही. नकार दिला असं नाही, पायच उचलेनात. तेव्हा ते बरोबरच्या ज्युनिअर डॉक्टरांकडं बघून म्हणाले, “जागा राखीव मिळाली, तशी अक्कलही राखीव ठेवलीय यानं. वापरतच नाही.”

ज्युनिअर हसले. नातेवाईक हसले. विनोद सगळ्यांना कळला होता. माझं आडनाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं, आणि आमच्या जिल्ह्यात आडनावावरून जात न कळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या ओंजळीत ज्या गावात वरून पाणी ओतायचे, त्या गावचा एक पेशंट त्याच वॉर्डात होता.

मी फिरलो. एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर. “मला काही कळत नाही.” कुणी मान फिरवली, कुणी तोंडावर टॉवेल घेतला. ज्याच्यासाठी फोन केला होता तो म्हातारा म्हणाला, “जा म्होरं लेकरा. मला नगं सांगूस.” शेवटच्या कॉटवरचा एक जाडजूड पावणा मात्र मोठ्यानं बोलला, “व्हय, दिसतंयच की त्वांडावर!” पुन्हा हशा.

त्या दिवशी मी एवढंच शिकलो की फोन करायचा नाही. पेशंटचं काही का होईना, फोन करायचा नाही.

भीती अंगात कशी राहते ते सांगतो. राउंडची वेळ झाली की पोटात कळ यायची. डॉक्टरांची गाडी आवारात वळली की आवाज ओळखू यायचा. सुट्टीच्या दिवशी घरी जेवताना तशाच गाडीचा आवाज आला तरी घास हातात थांबायचा. बायको विचारायची, “काय झालं वो?” मी म्हणायचो, “काही नाही.”

वर्षं गेली. मी वॉर्डाचा इनचार्ज झालो. लोकांना वाटलं, हा सोसून वर आलाय, हा समजून घेईल. मलाही तसंच वाटायचं. पण झालं ते वेगळंच.

माझ्यावर पुन्हा कुणी हसता कामा नये, एवढंच मी धरून बसलो. त्यासाठी वॉर्डात चूक होऊ द्यायची नाही. आणि झालीच तर ती वरपर्यंत जाऊ द्यायची नाही. पहिलं अवघड होतं. दुसरं सोपं होतं. नव्या सिस्टरनं फालतू विचारलं, उगाच डॉक्टरांना बोलवायला लावलं, की मी तिला पाठवायचो. प्रत्येक कॉटसमोर. वाक्य तेच, मला जे दिलं होतं ते. मोठ्या डॉक्टरांनी ते एकदाच केलं होतं. त्याची पद्धत मी केली. तिला ‘फेरी’ हे नावही मीच दिलं. “फेरी घालायचीय का?” एवढं विचारलं तरी पोरी गप्प व्हायच्या.

माझा वॉर्ड शांत असायचा. बेल वाजत नसे. पेशंटला विचारलं, काय त्रास? तो म्हणायचा, काय न्हाय. सिस्टरला विचारलं, काय झालं? ती म्हणायची, काय न्हाय सर. मोठे डॉक्टर बाहेरच्या डॉक्टरांना माझा वॉर्ड दाखवायला आणायचे. “याला म्हणतात वॉर्ड,” असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. ज्या हातानं त्यांनी मला प्रत्येक कॉटपुढं पाठवलं होतं, त्याच हाताखाली मी ताठ उभा राहायचो. मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं.

मग शुभांगी आली. कबनूरची. वडील पॉवरलूमवर कामाला. आमच्याच समाजातली. तिला एक सवय होती. ती पेशंटशेजारी स्टूल ओढून बसायची. गावाकडचं विचारायची, पोराबाळांचं विचारायची, आणि बोलता बोलता त्याचा हात हातात घेऊन नाडी बघायची. मला ‘काय न्हाय’ म्हणणारे पेशंट तिला सगळं सांगायचे. कुणाला धाप लागत होती, कुणी गोळ्या उशीखाली लपवल्या होत्या, कुणाला मरायची भीती वाटत होती. वॉर्ड चालवायला जे लागतं ते तिच्याकडं होतं. माझ्याकडं फक्त टेबल होतं.

मी तिलाच सगळ्यांत जास्त फेऱ्या घालायला लावल्या. हा आपल्या माणसाला पाठीशी घालतो असं कुणी म्हणू नये म्हणून.

पहिल्या फेरीनंतर ती माझ्या टेबलाशी आली. डोळे लाल. म्हणाली, “सर, तुमालाबी असंच केलंतं म्हणं. मग?”

“म्हणूनच,” मी म्हणालो. “मी टिकलो. तू पण टिकशील.”

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाली.

वारणानगरचा एक साखर कारखान्यातला कामगार पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला होता. ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी शुभांगी त्याच्या कॉटपाशी होती. मी टेबलावर औषधांचा हिशेब बघत होतो. ती येऊन उभी राहिली. मी मान वर केली नाही.

“काय?”

“काय न्हाय, सर.”

ती परत गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली. या वेळी मी वर बघितलं. तिचा चेहरा मी बघितला, हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. ओठ पांढरे पडले होते. हातातलं बीपीचं यंत्र तिनं छातीशी धरलं होतं. मी तिच्या खांद्यावरून कॉटकडं पाहिलं. तो माणूस उशीवर डोकं इकडून तिकडं करत होता, पाणी मागत होता. ऑपरेशननंतर माणूस असं करायला लागला की पोटात रक्तस्राव होत असू शकतो, हे मला कळत होतं. तिला विचारायला हवं होतं. “घाबरू नको, सांग,” एवढे तीन शब्द.

मी म्हणालो, “फेरी घालायचीय का?”

ती गेली.

मी का विचारलं नाही? कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. सांगितलं असतं तर मला फोन करावा लागला असता. मोठे डॉक्टर त्या वेळी घरी झोपलेले असत. मी इनचार्ज होतो, केस पिकले होते, आणि मला अजून त्या फोनची भीती वाटत होती.

संध्याकाळी तो माणूस गेला. पोटात रक्त साचलं होतं. त्याची बायको माझा हात धरून विचारत होती, “मालक सकाळी बोलत हुतं की वो. काय झालं त्यास्नी?” मी हात सोडवून घेतला. म्हणालो, “सिस्टरनं लक्ष दिलं नाही.”

चौकशी झाली. मला एकच विचारलं, “तिनं तुम्हाला कळवलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

ते शब्दशः खरं होतं. तिनं तोंडानं काहीच कळवलं नव्हतं. ती भिंतीशी उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, आता ही बोलेल. ती बोलली नाही. भ्यायला मीच शिकवलं होतं, ते माझ्याच कामी आलं. शुभांगीची नोकरी गेली. नावावर ठपका आला. कोल्हापुरात कुठल्याही हॉस्पिटलनं तिला दारात उभं केलं नाही. मी मात्र सत्कार घेऊन, नारळ घेऊन निवृत्त झालो.

हे मी मरेपर्यंत बोललो नसतो. यंदा माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. त्याच हॉस्पिटलात, त्याच वॉर्डात. मोठे डॉक्टर आता हयात नाहीत. भिंतींना नवा रंग आहे. दाराजवळ एक मोठा फलक लावला आहे, ‘भावनिक बुद्धिमत्ता हेच खरे नेतृत्व’. त्याखाली हसऱ्या नर्सचं चित्र. इनचार्ज मॅडम माझ्याच हाताखाली शिकलेल्या. मला बघून त्या पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी माझी लघवीची नळी तुंबली. रक्ताच्या गुठळ्या अडकल्या की असं होतं. हे काय आहे, वेळेवर धुऊन काढलं नाही तर काय होतं, मला सगळं माहीत. पिशवीत थेंब येत नव्हता. ओटीपोट दगडासारखं झालं, कपाळावर गार घाम आला. बेल उशाशी होती. मी बेलकडं बघत पडून राहिलो. मला बेल दाबायची भीती वाटत होती. मॅडम वॉर्डात होत्या. उगाच दाबली असं झालं तर? म्हातारा कांगावा करतो म्हणाल्या तर?

एक नवी सिस्टर आली. लहान पोर. शिरोळकडची, बोलण्यावरून कळलं. तिनं रिकामी पिशवी बघितली. माझ्याकडं बघितलं. ओठ पांढरे पडले.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“काय न्हाय, आजोबा.”

हा चेहरा मी ओळखत होतो. म्हणालो, “पोरी, मला खरं सांग. डॉक्टरांना फोन का करत नाहीस?”

ती वाकून कुजबुजली, “परवा केलता. तर मॅडमनी फेरी घालाय लावली. समद्यांपुढं.”

फेरी. शब्दसुद्धा तोच. मी घरी बसलो होतो आणि माझी फेरी इथं चालूच होती, त्या फलकाखालून.

मी बेल दाबली. दाबूनच धरली. अंगठा काढला नाही. सगळा वॉर्ड उठून बसला. मॅडम आल्या. आधी पोरीवर कडाडल्या, “तुला सांगून ठेवलं होतं ना? सर त्रासात आहेत आणि तू बघत उभी? बघतेच तुला उद्या.” मग डॉक्टर आले, नळी धुतली गेली, पोट हलकं झालं. मी वाचलो.

सकाळी राउंड झाल्यावर मॅडमनी पोरीला पुढं बोलावलं. “चल. पहिल्या कॉटपासून.”

मी उठून बसलो. “ती जाणार नाही.”

मॅडम हसल्या. “सर, तुम्हीच शिकवलं की हे.”

“चुकीचं शिकवलं. माझ्या फेरीमुळं एक माणूस मेला आणि नाव शुभांगीचं गेलं.” शेजारच्या कॉटवरचे पेशंट बघत होते. “ही पोर फेरीला गेली तर मी आत्ता ऑफिसात जाऊन सगळं सांगणार. आणि तू काय केलंस तेही सांगणार.”

मॅडमचं हसू गेलं. पोरीला त्यांनी जागेवर जायला सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन खरंच न कळून विचारलं, “कोण शुभांगी, सर?”

कुणालाच माहीत नव्हती. ती पुसली गेली होती. आणि पुसणारा मी होतो.

घरी आल्यावर, चालता येऊ लागताच कबनूरला गेलो. विचारत विचारत एका पॉवरलूमच्या कारखान्यात पोचलो. सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर ती होती. केसांत कापसाचे धागे. तिनं मला लगेच ओळखलं. बसा म्हणाली नाही.

मागांच्या खडखडाटात मी ओरडून माफी मागितली. माफी ओरडून मागावी लागली, हे बरंच झालं. आजूबाजूच्या बायांनी ऐकलं.

शुभांगीनं मशीन बंद केलं नाही. म्हणाली, “मला काय सांगताय? मला म्हाईतच हाय की. मी हुतेच तितं.”

तिनं भरलेली कांडी काढून दुसरी लावली.

“त्या बाईस्नी सांगा. मालक गेल्यावर ती आमच्या दारात आलती. दोन पोरं संगं. माझ्या आईदेखत माझ्या तोंडावर माती फेकली. म्हणाली, तू मारलंस. आई मरंतवर तेच बोलत हुती, त्या बाईनं माती फेकली, त्या बाईनं माती फेकली.” तिनं तुटलेला धागा जोडला. “तिच्या दारात जावा, सर. आन् तितं म्हणा. माझ्यापुढं नगं.”

मी निघालो. तिनं वर बघितलं नाही.

वारणानगरचा पत्ता मी काढला आहे. त्या बाईची दोन्ही पोरं आता कर्ती झाली आहेत, कारखान्यातच कामाला आहेत. घरचे म्हणतात, “या वयात कशाला? मारतील ते.” मारतीलही. मी भ्यालेलो नाही असं मी लिहिणार नाही. हे लिहितानाही पोटात तीच जुनी कळ आहे. पण आयुष्यभर ही कळ मी दुसऱ्यांच्या पोटात घालत आलो. आता ती माझ्याच पोटात राहू दे.

हे सगळं हॉस्पिटलच्या ऑफिसात सहीनिशी दिलं आहे. त्यांनी पोच द्यायला टाळाटाळ केली. पोच घेतल्याशिवाय मी हललो नाही.

उद्या मी त्या दारात उभा राहणार. आत बोलावलं नाही तर बाहेरून सांगणार. दार लावून घेतलं तर शेजारच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणार. बाई, तुमच्या मालकांना शुभांगीनं मारलं नाही. ती दोनदा सांगायला आली होती. तिचं तोंड मी बंद केलं होतं. माती फेकायची असेल तर माझ्या तोंडावर फेका, आणि शुभांगीच्या दारात जाऊन सांगून या की तुमची चूक झाली.

त्या तिथं जाईपर्यंत मी त्यांच्या दारातून उठणार नाही.