लंगडणारी टीम आणि शिट्टीबाई

गोलकीपर स्वतःच्या घरी, स्वतःच्या न्हाणीघरात, स्वतःच्याच मुलीने सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. त्याचंही खापर शिट्टीबाईच्या डोक्यावर फुटलं. "व्यायाम घेऊन घेऊन पोरांची हाडं ठिसूळ केली त्या बाईने!" असं एक गृहस्थ प्रेक्षकांत बसून छातीठोकपणे सांगत होते. त्यांच्या मागच्याच बाकावर शिट्टीबाईचे वडील बसले होते. ते खाली मान घालून शेंगा सोलत राहिले.

शिट्टीबाई म्हणजे फुटबॉल क्लबची फिटनेस कोच. तरुणपणी ती अडथळ्यांच्या शर्यतीत धावायची. मग बरीच वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, आणि चाळिशीत पुन्हा पुस्तकं हातात धरून खेळाडूंच्या व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलं. पुरुषांच्या टीमला बाई शिकवणार म्हटल्यावर पहिल्या दिवशी पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या होत्या. बाईने त्यांच्यासोबत मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ती पुढे आणि पोरं मागे, आणि त्यांतले दोघे गोलपोस्टला धरून ओकत होते. त्यानंतर कोपरखळ्या बंद झाल्या. गळ्यात सदा शिट्टी असायची म्हणून नाव पडलं शिट्टीबाई. तोंडावर मात्र सगळे 'बाई' म्हणत, आणि तेही अदबीने.

क्लब बंदराजवळचा, जुना. तिच्या वडिलांनी उभा जन्म गोदीत क्रेन चालवली आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस या क्लबच्या मॅचला घातला. टीमचा मुख्य कोच एके काळचा नावाजलेला स्ट्रायकर. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. घरात आई-वडिलांच्या लग्नाच्या फोटोशेजारी उस्तादचा कप उचललेला फोटो होता, आणि लग्नाच्या फोटोपेक्षा मोठा होता. आई त्यावरून अधूनमधून टोमणा मारी. मुलगी त्याच उस्तादच्या हाताखाली लागली तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

त्या हंगामात पहिला पडला विंगर. मांडीमागचा स्नायू धरला आणि तो धावता धावता गोळी लागल्यासारखा खाली बसला. मग एकाची जांघ आखडली, मग दुसऱ्याची. कॅप्टनची पोटरी गेली. बदली खेळाडू बाकावर बसायच्या आधीच मैदानात जायला लागले. वर्तमानपत्रात चर्चा सुरू झाली, टीमचं नशीब फुटकं की व्यायामातच खोट? लोकांनी मत बनवायला फार वेळ घेतला नाही. बाई नवीन होती आणि बाई होती. 'शिट्टीबाई हटाव'चे फलक झळकले.

ती मात्र चक्रावून गेली होती. आठवड्याच्या ज्या सकाळी पोरं ताजीतवानी असायला हवीत, त्याच सकाळी सगळी पाय ओढत यायची. "काय रे, झोपत नाही का तुम्ही?" असं विचारलं की एकजण म्हणे डास होते, दुसरा म्हणे पाहुणे होते. सगळ्यांच्या घरी एकाच रात्री पाहुणे!

एका दुपारी गवताला पाणी नीट मिळतंय का हे माळ्याला विचारायला ती मैदानावर गेली. ऊन मी म्हणत होतं. प्रेक्षकांच्या बाकांमधल्या पायऱ्यांवरून अख्खी टीम खांद्यावर वाळूच्या पिशव्या घेऊन वर-खाली धावत होती. खाली सावलीत उस्ताद उभा होता.

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"उस्ताद, सकाळी ही पोरं माझ्याकडे घाम गाळून गेलीत. उद्या मॅच आहे. हे काय चाललंय?"

"आमच्या वेळी आम्ही असंच धावायचो. कुणाचं काही तुटलं नाही."

"ज्यांचं तुटलं ते घरी बसले. जे उरले तेच आता आठवणी सांगतायत."

उस्तादचा चेहरा लाल झाला. पोरं पायऱ्यांवर थबकली. "बाई," तो सावकाश म्हणाला, "तुम्ही शिट्टी वाजवा. टीम मी बघतो."

ती तडक सेक्रेटरीकडे गेली. त्याने पंखा वाढवला, पाणी मागवलं आणि म्हणाला, "तुमचं दोघांचं तुम्हीच मिटवा ना. उस्ताद म्हणजे क्लबची शान आहे." तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा पाणी आलं. शेवटी तिने स्वतःचा सकाळचा व्यायाम निम्म्यावर आणला, तर बोंब झाली की बाई कामचुकार आहे.

हंगाम संपता संपता कमिटीने बैठक बोलावली. जायच्या आधी वडील म्हणाले, "पोरी, वाद घालू नकोस. नशीब असतं एखाद्या वर्षाचं."

"बाबा, नशीब भर दुपारी वाळूच्या पिशव्या उचलायला लावत नाही."

"उस्ताद असं करायचा नाही. मी ओळखतो त्याला."

"तुम्ही त्याचा फोटो ओळखता," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोटची मुलगी खोटं बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

बैठकीत टीममधल्या जुन्या खेळाडूंनाही बोलावलं होतं. उस्ताद शांतपणे म्हणाला, "मी कुणाला जादा पळवलं असेल तर सांगा. समोरच बसलेत सगळे. विचारा."

सेक्रेटरीने विचारलं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. बाईने एकेकाकडे पाहिलं. बचावफळीतला धिप्पाड खेळाडू, ज्याला सगळे 'भिंत' म्हणायचे, त्याला तिने सगळ्यांत जास्त झापलं होतं आणि सगळ्यांत जास्त जपलंही होतं. भिंत खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी आधीच बांधलेली होती.

मग बाई उठली. "मी खरं तेवढं सांगते. विंगरची मांडी ही माझी चूक. तो तापातून उठला होता, मी त्याला घाईने वेगात पळवलं. ते माझं. गोलकीपरचं मनगट हे नशीब, त्याला कुणीच काही करू शकत नव्हतं. बाकी सगळ्या दुखापती या दुपारच्या पायऱ्यांच्या आहेत, आणि हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे."

"म्हणजे चूक कबूल आहे तर," सेक्रेटरी म्हणाला.

"एक. एक चूक कबूल आहे."

"लिहून घ्या, चूक कबूल."

अख्ख्या खोलीत स्वतःच्या वाट्याचं ओझं उचलणारी ती एकटीच होती, म्हणून सगळ्यांचं ओझं तिच्याच पाठीवर लादून तिला दारापर्यंत पोचवण्यात आलं. पायऱ्या उतरताना तिच्या अंगाची लाही लाही होत होती. रडू येत होतं ते दुःखाचं नव्हतं. ती बसस्टॉपवर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "नालायक!" शेजारचा माणूस दचकून बाजूला सरकला.

तिला सार्वजनिक तरणतलावावर काम मिळालं. गुडघे-कंबर धरलेल्या म्हाताऱ्यांना पाण्यात व्यायाम शिकवायचा. क्लबने उस्तादच्या मर्जीतला नवा फिटनेस कोच आणला. पुढच्या हंगामात पुन्हा मांड्या धरल्या, पुन्हा जांघा आखडल्या, पुन्हा स्ट्रेचर आत-बाहेर करू लागलं. फक्त आता कुणी हटाव म्हणेना. "काय नशीब बिचाऱ्या पोरांचं!" लोक हळहळायचे.

एकदा ते शिट्टीबाईच्या वडिलांना ऐकू जाईल असे हळहळले. आयुष्यभर मैदानात फक्त टाळ्या वाजवलेला तो माणूस बाकावर उभा राहिला आणि ओरडला, "गेल्या साली हे माझ्या मुलीचं पाप होतं! यंदा नशीब कसं झालं? सांगा की! कसं झालं?" खाली बसा, खाली बसा, असा गलका झाला. ते बसेनात. कुणीतरी ओढलं, त्यांनी हात झटकला. घरी आले तेव्हा शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता आणि चेहरा असा होता की आईने विचारायचंही टाळलं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि उस्तादचा फोटो खाली काढला.

मुलगी संध्याकाळी घरी आली, तेव्हा ते म्हणाले, "मला आधीच कळायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." तिने त्यांना तेवढ्यावर सोडलं नाही; खिसा शिवून देताना सगळं बोलून घेतलं.

त्यानंतर भिंत तरणतलावावर आली, कुबड्या घेऊन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, क्लबने हात वर केले होते.

"बाई, मला शिकवाल?"

"त्या दिवशी नाडी का बांधत होतास रे?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "बोललो असतो तर जागा गेली असती."

"आणि आता?"

"आता जागाही गेली आणि गुडघाही."

"तुम्ही सगळे बोलला असतात तर कुणाचीच गेली नसती," ती म्हणाली. "हे मी तुला रोज ऐकवणार आहे. ऐकायची तयारी असेल तर उतर पाण्यात."

तो उतरला. रोज ऐकत राहिला. मग एके दिवशी कमिटीसमोर जाऊन त्याने सगळं सांगितलं, आणि त्याच्यामागे आणखी काहीजणांना वाचा फुटली. उस्तादला काढलं म्हणावं, तर तसंही नाही. त्याला शाल घालून 'सल्लागार' केलं. पुढे सेक्रेटरी स्वतः तलावावर आला, पँट भिजू नये म्हणून दूर उभा राहिला.

"झालं गेलं विसरा, बाई. मानाने परत या."

"येते. पुढच्या मॅचला मध्यंतरात लाउडस्पीकरवर सांगा. विंगरची दुखापत बाईमुळे झाली, बाकीच्या तिच्यामुळे नाही झाल्या. एवढंच."

तो हसला. "असं कुठे जाहीर सांगतात का?"

"माझं नाव फलकावर लिहून नाचवलं होतं, ते कुठे खाजगीत होतं?"

सेक्रेटरी घड्याळ बघत निघून गेला. कुणी काही जाहीर केलं नाही, आणि ती काही परत गेली नाही. अजूनही कुणी तिच्यासमोर त्या टीमच्या नशिबाची गोष्ट काढली की ती हातातलं काम थांबवते आणि विचारते, "कुठल्या दुखापतीबद्दल बोलताय? एकेक करून सांगा."